लंडनच्या वाटेवरची चतुर्थी

बहिणीच्या बाळंतपणासाठी आई एकटीच लंडनला निघाली, तेव्हा मी तिच्यासाठी यादी केली. वेळ डावीकडे, काम उजवीकडे. दुपारी दोन : मुंबईहून विमान. संध्याकाळी सात : लंडन. अंतर सात हजार दोनशे किलोमीटर.

"म्हंजे आपल्या कोल्हारहून तुझ्या केडगावला यायच्या किती खेपा झाल्या?" आईनं विचारलं.

"सव्वाशेच्या वर."

"आन् पाच तासात?"

पाच नाही, साडेनऊ. लंडनचं घड्याळ आपल्या साडेचार तास मागं असतं, हे मी तिला समजावलं. ते साडेचार तास जातात कुठं, हे तिला पटेना. खरं तर मलाही नीट सांगता येईना.

त्या दिवशी नेमकी संकष्टी होती. कॅलेंडरात चंद्रोदय रात्री दहाचा. मी लिहिलं, 'दहा : उपवास सोडणे, दशम्या, चटणी, साखरेची गोळी.' आईला मधुमेह; डॉक्टरांनी फराळ करून उपवासाला परवानगी दिली होती, पण रात्रीची गोळी आणि जेवण लांबवायचं नाही, असं बजावलं होतं.

आईनं यादी वाचली. "चंद्र कुठल्या खिडकीतनं दिसंल?"

हे मी पाहिलंच नव्हतं. मुलाचा पृथ्वीचा गोल काढला आणि मुंबई ते लंडन दोरा ताणला. विमान पश्चिमेला धावणार, चंद्र पूर्वेला, म्हणजे शेपटीमागं उगवणार. आपल्याकडं रात्रीचे दहा वाजतील, तेव्हा विमान युरोपावर आणि तिथं अजून ऊन. लंडनचा चंद्रोदय मोबाईलवर पाहिला : मध्यरात्रीच्या सुमारास. म्हणजे आपल्याकडची पहाट. तोवर ही बाई चंद्राची वाट बघत उपाशी बसणार.

"ही एक चतुर्थी सोड," मी म्हणाले.

"लग्नापासून सोडली न्हाई."

"मग भर विमानात चक्कर आली तर?"

ती दशम्यांचं पीठ मळत राहिली. हात धुऊन झाल्यावर म्हणाली, "ढग आलं की आपण काय करतो? घड्याळ बघून जेवतो न्हवं? माझं घड्याळ इथलंच राहू दे. तू दहाला गच्चीवर जा. तुला दिसला की मला दिसला."

यादीत मी तसं लिहिलं आणि खाली रेघ मारली. घड्याळाला हात लावायचा नाही.

त्या रात्री मी नैवेद्याचं ताट घेऊन पावणेदहालाच गच्चीवर उभी. मोबाईलवर विमानाचं बारकं चित्र हंगेरीवर सरकत होतं. दहा वाजले, पूर्वेला काहीच नाही. शेजारच्या इमारतीची पाण्याची टाकी आडवी येत होती. तिकडं आई जेवली का, गोळी घेतली का, काही कळायला मार्ग नव्हता. टाकीच्या कडेनं चंद्र वर आला तेव्हा मी घड्याळ पाहिलं आणि नैवेद्य दाखवला.

सकाळी बहिणीच्या फोनवर आईचा आवाज.

"गोळी घेतलीस?"

"घेतली. दहाला नमस्कार केला, दशमी खाल्ली. खिडकीत लई ऊन हुतं. शेजारची बाई बघतच राहिली, ही कुणाला हात जोडती म्हणून. तुला दिसला ना?"

"दिसला. शेजारची टाकी आड येत होती, दहा वाजून बारा मिनिटांनी दिसला."



"म्हंजे बारा मिनिटं आधीच जेवले मी," आई म्हणाली. "यादीत टाकीचं लिहायला पायजे हुतंस."