माझं पहिलं सायटेशन

मी रत्नागिरीतल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवते. माझं संशोधन सॉफ्टवेअरच्या चाचण्यांवर आहे. एखादा प्रोग्राम नीट चालतो का हे तपासायला दुसरे छोटे प्रोग्राम लिहितात, त्या चाचण्या. त्यातल्या काही भारी लहरी असतात. कोडमध्ये अक्षरसुद्धा बदललेलं नसतं, तरी सकाळी पास आणि दुपारी नापास. अशा चाचण्या आधीच हुडकून काढायची एक रीत मी बसवली आणि तिच्यावर पेपर लिहिला.

पेपर दोन मोठ्या परिषदांकडून परत आला. आमचे विभागप्रमुख भले गृहस्थ, पण असलं काम पुण्या-मुंबईच्या मोठ्या संस्थांतच होतं, इथे बसून मी उगाच डोळे फोडून घेतेय, असं त्यांचं ठाम मत. मी मात्र पीएच.डी. झाल्यावर मुद्दाम परत आले होते. वडील गेल्यापासून पावस गावातली आमची आंब्याची कलमं आई एकटी बघते. तिच्यासाठी आले म्हणायची सोय होती, पण खरं तर मलाच इथून लांब राहवत नव्हतं.

शेवटी एका मध्यमशा परिषदेनं पेपर घेतला. नंतर सगळं सामसूम. आपल्या पेपरचा दुसऱ्या संशोधकानं आपल्या पेपरात उल्लेख केला की ते सायटेशन, आणि ती मोजणारं पान इंटरनेटवर असतं. माझ्या पानावरचं शून्य मी चहाच्या सुट्टीत रोज बघायची.

मग एप्रिलातल्या एका रविवारी, पडवीत आईबरोबर आंबे पिकायला गवताच्या आढीत लावत असताना फोन वाजला. पहिलं सायटेशन. हात पदराला पुसून मी तो पेपर उघडला. युरोपातल्या एका प्राध्यापकबाईंनी माझी रीत मोठ्या प्रकल्पांवर चालवून बघितली होती, आणि ती तिथे कोलमडते असं स्वच्छ लिहिलं होतं. आईनं विचारलं तेव्हा मी सांगितलं, की इतक्या वर्षांनी कुणीतरी दखल घेतली, तीही माझं चुकलंय म्हणायला.

आईनं हातातला आंबा गवतावर ठेवला. "वाईट लिहिलंन तर लिहिलंन. पण सगळं वाचलंन ना गो तिनं?"

वाचलं होतंच, शिवाय माझा प्रोग्राम उतरवून घेऊन चालवलाही होता. पेपर परत पाठवणाऱ्यांपैकी कुणी तेवढे कष्ट घेतले नव्हते. सोमवारी मी बाईंना मेल लिहिली आणि त्यांच्या प्रयोगाची सगळी माहिती मागितली. त्यांनी ती लगेच पाठवली. बघितल्यावर वाद घालण्यासारखं काही उरलं नाही. प्रकल्प मोठा झाला की एका चाचणीनं मागे ठेवलेला पसारा दुसरीला नडतो, हे मी धरलंच नव्हतं.

ते धरायचं तर जवळजवळ सगळी रीत उसवावी लागणार होती. मे महिन्याच्या सुट्टीत लॅब रिकामी होती, मी तिथेच ठाण मांडलं. मध्येच वीज जायची आणि चालू काम तुटायचं. शेवटी जिथे तुटलं तिथून पुढे चालू होईल अशी व्यवस्था प्रोग्राममध्येच केली. गणपतीच्या आधी नवी रीत उभी राहिली. बाईंच्या सगळ्यात मोठ्या प्रकल्पावर चालवली, आणि ती टिकली. त्या संध्याकाळी मी लॅबला कुलूप लावून भाट्याच्या किनाऱ्यावर एकटीच हसत फिरले.

पहिला पेपर परत पाठवणाऱ्या परिषदांपैकीच एकीनं नव्या रीतीवरचा दुसरा पेपर घेतला. प्रोग्राम मी सगळ्यांसाठी खुला ठेवला. मग पानावरचा आकडा हलायला लागला. ब्राझील, कोरिया, कानपूर. एका इंजिनिअरनं कळवलं, की त्यांच्याकडे कोडमधला प्रत्येक बदल आता माझ्या रीतीतून जातो. विभागप्रमुख स्वतः माझ्या टेबलाशी आले आणि म्हणाले, इथेच संशोधन केंद्र काढू या, सांभाळाल का? मी हो म्हटलं आणि आधी लॅबसाठी इन्व्हर्टर मागून घेतला.

त्याला आता दहा वर्षं झाली, आणि यंदा त्याच परिषदेनं त्या दुसऱ्या पेपरला काळाच्या कसोटीला उतरल्याचा पुरस्कार दिला. माझी ओळख करून द्यायला त्या प्राध्यापकबाई उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "हिची रीत चालत नाही, असं मी लिहिलं होतं. आज माझ्या विद्यार्थ्यांना मी हिचीच नवी रीत शिकवते."

सभागृह उठून उभं राहिलं. टाळ्या थांबेनात. मी स्टेजवर गेले, माइक हातात घेतला आणि आधी बाईंनाच शेजारी बोलावलं. आम्ही दोघींनी मिळून लिहिलेला पेपर त्याच सकाळी स्वीकारला गेला होता, आणि ती बातमी मला त्यांच्या शेजारी उभं राहूनच सांगायची होती.