मावशीच्या नावाचा रेडिओ

कागद असल्याशिवाय जगातली कुठलीच वस्तू खरी नसते, असं मनापासून मानणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. ते माझे मावसाजी. जंगलखात्याच्या नाक्यावर त्यांनी उभी हयात नाकेदारी केली. येणाऱ्या प्रत्येक बैलगाडीला ‘पास?’ एवढा एकच प्रश्न विचारायचा आणि पासवर लिहिलेलं लाकूड गाडीतल्या लाकडाशी ताडून पाहायचं, ही नोकरी. निवृत्त होऊन मोहाडीकडच्या आपल्या खेड्यात आले तेव्हा नाका तिकडेच राहिला, पण प्रश्न त्यांच्याबरोबर आला. सायकलच्या परवान्याचा पितळी बिल्ला ते दर रविवारी चिंचेनं घासत. एस. टी.चं तिकीट घरी आल्यावरही आठ दिवस खिशात ठेवत, का तर ‘कोणी विचारलं तं?’ लग्नानंतर पहिल्याच वर्षी त्यांचे सासरे लेकीसाठी सागाचा पलंग घेऊन निघाले आणि नेमके जावयाच्याच नाक्यावर आले. पास नव्हता. पास येईपर्यंत म्हातारा दोन दिवस नाक्यावर बसून राहिला. मावशी ही हकिकत सांगताना दर वेळी पदर तोंडाला लावायची. “यायनं माह्या बापाची खातिरदारी लय केली. दोन्ही दिवस पोयी वाढली. पण गाडी काही सोडली नाही.”

त्या काळी रेडिओलाही परवाना लागे, हे आता सांगावं लागतं. पोस्टातून एक लहानसं पुस्तक मिळे. त्यात धारकाचं नाव, रेडिओचा मेक आणि नंबर लिहिलेला असे आणि दर वर्षी नूतनीकरणाचा गोल शिक्का त्यात बसे. मावसाजी जंगलात आणि मावशी गावात एकटी, म्हणून मोठा व्हॉल्व्हचा रेडिओ तिच्या सोबतीला घेतला होता आणि परवानाही तिच्याच नावावर काढला होता. घर, धानाच्या बांध्या, विहीर, सारं मावसाजींच्या नावावर होतं. मावशीच्या नावाचा सरकारी कागद घरात तेवढा एकच.

एकदा रेडिओ तपासायला इन्स्पेक्टर येणार असल्याची आवई उठली. गावानं आपापले रेडिओ तणसाच्या ढिगात, धानाच्या ढोलीत, एकानं तर चक्क गाईच्या गव्हाणीत लपवले. मावसाजी मात्र कोट घालून, पुस्तक हातात घेऊन सकाळपासून आपल्या घरासमोर सडकेवर उभे राहिले. इन्स्पेक्टर खरंच आला. पहिल्या दोन घरांत त्याला रेडिओ दिसला नाही, तेव्हा चहा पिऊन तो परतीच्या गाडीत बसला. मावसाजी धोतर सावरत गाडीमागं धावले. “साहेब, माह्यं तं पाहा! माह्यं बरोबर आहे!” गाडी निघून गेली. त्या दिवशी ते जेवले नाहीत. एवढं बरोबर असून कोणी पाहिलं नाही, हे दुःख मला तेव्हा हास्यास्पद वाटलं होतं.

मावशी एका पावसाळ्यात चार दिवसांच्या तापानं गेली. त्याच वर्षी रेडिओचा व्हॉल्व्ह जळाला आणि तो काही मिळेना. त्यांच्या मुलानं नागपूरहून नवा ट्रान्झिस्टर आणून दिला. मावसाजी रोज संध्याकाळी तो पुसून ओसरीवर ठेवत आणि त्याच्यासमोर बसत. लावत मात्र नसत.

“लावा ना जी,” मी म्हणालो.

“पुस्तकात नंबर जुन्याचा आहे, बाबू. हा कोण?”

नातेवाइकांत कुणाचं काही अडलं की माझ्याकडे येतं, कारण मी यादी करून कामं करतो. मी तालुक्याच्या पोस्टात चौकशी केली आणि त्यांच्यासमोर यादी ठेवली. अर्ज. जुन्या संचाचा नंबर. नव्या संचाचा नंबर. साक्षीदार. परवानाधारकाची सही. शेवटच्या ओळीशी आम्ही दोघंही थांबलो. मग मीच व्यवहाराचं बोललो. मावशी गेल्याचं कळवून टाकू, तुमच्या नावानं नवा परवाना काढू, एका फेरीत होईल.

“अन् हे पुस्तक?”

“ते रद्द होईल.”

त्यांनी यादीची घडी केली आणि मला परत दिली. पुढचे चार महिने तो ट्रान्झिस्टर मुकाच राहिला. त्या घराइतकी शांतता मी मसणातही ऐकलेली नाही.

संक्रांतीच्या सुमारास ते स्वतःच आले. अर्ज भरलेला होता आणि खाली मावशीची सही होती. ती लिहायला उशिरा शिकली होती. तिची शिरोरेघ नेहमी शेवटी वर चढायची, झोपडीच्या छपरासारखी. या सहीतली रेघही तशीच वर गेली होती. तीच सही पंचांगाच्या मागच्या पानावर पंचवीस-तीस वेळा गिरवलेली मी पुढे पाहिली. सासऱ्याची गाडी न सोडणाऱ्या माणसानं आयुष्यात एकच खोटा पास लिहिला, तो हा.

“साक्षीदार तू होशीन काय?” त्यांनी विचारलं. ते माझ्याकडे पाहत नव्हते. मी सही केली.

पोस्टातल्या बाबूनं पुस्तकात नवा नंबर चढवला, शिक्का मारला आणि सहज विचारलं, “बाई नाही आल्या? बऱ्या आहेत ना?”

मावसाजींनी शिक्क्याची ओली शाई फुंकून वाळवली. “बरी आहे,” ते म्हणाले.

त्या संध्याकाळी ट्रान्झिस्टर लागला. पण खरं सांगायचं तर त्यांना त्याचं फारसं काही नव्हतं. गाणी लागली की ते डुलक्या घेत. त्यांचं सारं लक्ष जानेवारीकडे असे. जानेवारीत कोट घालून, सायकलवर तालुक्याला जाऊन ते नूतनीकरण करून आणत. बाबू दर वर्षी विचारी, “बाई बऱ्या आहेत ना?” आणि हे दर वर्षी सांगत, “बरी आहे.” गावात तिच्याबद्दल आता कोण विचारणार होतं?

मग सरकारनं रेडिओचे परवानेच बंद केले. गाव खूश झालं. तणसात लपवणारे सर्वांत जास्त खूश. जानेवारीत मला एक रजिस्टर पत्र टाकायचं होतं, म्हणून मी तालुक्याला निघालो, तर मावसाजी कोट घालून तयार. खिडकीवर बाबू नवा होता.

“आता लागत नाही ना जी काकाजी! सुटले तुम्ही!” तो म्हणाला. रांग हसली.

“तरी शिक्का मारून देता काय?”

“कायच्यावर मारू जी? हे पुस्तकच आता काही कामाचं नाही.”

मावसाजींनी पुस्तक कोटात ठेवलं. पुढं काही विचारलं जाईल म्हणून ते जरा वेळ उभे राहिले. मागचा माणूस म्हणाला, “सरका ना, बाबाजी.” ते सरकले.

परतताना तलावाच्या पाळीवरून आम्ही सायकली हाती धरून चाललो होतो. वारा गार होता. मी यादीतलं काम सोडून सहसा काही बोलत नाही. त्या दिवशी विचारलं, “मावसाजी, मावशी बऱ्या आहेत ना?”

त्यांनी एका हातानं कोटातलं पुस्तक चाचपलं. मग म्हणाले, “बरी आहे.” आणि थोडं पुढं गेल्यावर, “थंडीची खोकलते जराशी.”

“काढा देऊन राहिले ना?”

“देतो ना, बापा.”

हे काम माझ्या यादीत नव्हतं. पुढच्या जानेवारीपासून, ते होते तोवर, मी ते दर वर्षी यादीत लिहीत गेलो.