फ्यूज कोणाच्या कनवटीला

१६ फेब्रुवारी, रविवार. कडब्याची कुट्टी करायची होती. भाऊ औशाला गेला होता आणि जनावरं हंबरायला लागली होती, म्हणून मी आणि भावजय मशीनला लागलो. ती पेंढ्या सोडून द्यायची, मी मशीनच्या तोंडात सारायचे. सुट्टीवर माहेरी आले तरी मला बसून राहवत नाही.

माझी नोकरी नौदलाच्या शस्त्रयंत्रणांच्या सुरक्षेची. जहाजावरची तोफ किंवा लाँचर नको तेव्हा फिरणार नाही, नको तेव्हा सुटणार नाही, हे आधी कागदावर आणि मग प्रत्यक्ष तपासायचं. नांदेडला इंजिनिअरिंग केलं तेव्हा समुद्र पाहिलासुद्धा नव्हता. काम तसं कंटाळवाणं. फिरूनफिरून एकच प्रश्न विचारायचा: आणि वीज अचानक आली तर? तोफेच्या आत दुरुस्तीला उतरणाऱ्यानं वीज तोडायची, त्या स्विचला कुलूप लावायचं आणि किल्ली स्वतःच्या खिशात घालायची. दुसऱ्याकडे सांभाळायला द्यायची नाही, साहेबाकडेही नाही. एकदा एक तंत्रज्ञ किल्ली न घेता आत उतरला. मी त्याला बाहेर काढलं आणि चाचणी थांबवली. वरिष्ठ चिडले, दिवस वाया गेला. मला त्याचं काही वाटलं नाही.

कुट्टी अर्धी झाली आणि लाईट गेली. मशीनच्या तोंडात कडब्याचा बोळा अडकला होता. भावजय म्हणाली, हे येईपर्यंत थांबू. मला हातातलं काम उरकायचं होतं.

"अगं, लाईटच नाही," मी म्हणाले. "घाल हात आणि ओढ बाहेर."

आमच्याकडे शेतातल्या स्टार्टरला ऑटो लावलेला असतो. थ्री-फेज कधी येईल याचा भरवसा नाही, म्हणून वीज आली की मोटर आपोआप सुरू होते. तो असतो बोअरसाठी. भावानं कुट्टीची मोटरही त्याच स्टार्टरवर घेतली होती. ऑटोच्या डबीवरचा लाल दिवा मी सकाळीच पाहिला होता. पाहिला आणि पुढे गेले. माहेरच्या शेतात मी काय तपासणार?

भावजयीनं हात घातला. बोळा सुटला, ती मागे सरकत होती, तेवढ्यात लाईट आली. मशीन फिरलं. तिनं हात हिसडून घेतला, बांगडी फुटली, मनगटावर लांब ओरखडा उठला. हात वाचला. मी धावत जाऊन स्टार्टरचं लाल बटण दाबलं. ती खाली बसून बांगडीच्या काचा वेचायला लागली, जनावरांच्या पोटात जातील म्हणून.

भाऊ आला, त्यानं मनगट पाहिलं. तिनं एवढंच सांगितलं की मशीनमधलं काढत होते. मग तो तिच्यावर घसरला. ऑटो हाय हे माहीत न्हाई व्हय तुला, अक्कल कुठं गहाण ठिवली, वगैरे. शेवटी म्हणाला, "आक्का बघ, तोफा सांभाळती तिकडं. तिच्याकडून शीक जरा."

तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि ती चहा टाकायला आत गेली.

मी म्हणाले, "जाऊ दे रे. काही झालं नाही ना." जणू चूक तिची होती आणि मी मोठ्या मनानं ती पोटात घालत होते. रात्री जेवताना तिनं त्याच हातानं मला आग्रहाची भाकरी वाढली. मी ती खाल्ली.

सकाळी भाऊ ओसरीवर चहा घेत होता. भावजय समोर असतानाच मी त्याला सांगितलं: हात घालायला मी लावलं, ती नको म्हणत होती, ऑटोचा दिवाही मला दिसला होता. तो हसला, आक्का, तू कुठं रोज शेतात असतीस, म्हणाला. इतक्या लवकर तो मला माफ करेल असं वाटलं नव्हतं. तिला काल बोललेलं मात्र त्यानं मागे घेतलं नाही.

भावजय म्हणाली, "काल बोलायचं व्हतं, आक्का."

मी उठून तिला घेऊन शेतात गेले, ऑटो बंद केला, चिनी मातीचे तिन्ही फ्यूज उपसले आणि तिच्या हातात दिले. हे तुझ्याजवळ ठेव, मशीनमध्ये हात घालायचा असेल तेव्हा कोणालाही द्यायचे नाहीत, मलाही नाही, एवढं सांगितलं. तिनं ते कनवटीला खोचले आणि ती मशीनचं तोंड साफ करायला बसली. तिचं होईपर्यंत मी स्टार्टरपासून लांब उभी राहिले.