साळ्याच्या गाड्या

तापलेल्या कापसाचा वास आला की माझा गुन्हा समोर उभा राहतो. अमेरिकेतल्या लढाईने कापसाला सोन्याचा भाव आला होता, आणि अकोल्याच्या सरकारी काट्यावर गाड्यांची पाळी मी लावत असे. सरकारी नोकराने कापसाचा व्यापार करू नये असा हुकूम होता, म्हणून माझ्या गाड्या मेव्हण्याच्या नावावर चालत. त्या चैत्रातल्या दुपारी मी त्या मागून काढून पुढे घेतल्या. पहाटेपासून रांगेत असलेला पातूरचा म्हातारा ओरडला, "रावसाहेब, बैलाईले पानी पाजाले नेलं तं माही पाळी जाते. थ्या गाड्या कावून पुढं घेऊन राहिले?" मी म्हणालो, "मेव्हण्याला घाई आहे." "मंग सरकारचा काटा साळ्याले आंदन देला का?" सगळे हसले, मीही हसलो. घटकाभरात त्याचा एक बैल जुवाखालीच कोसळला, तो उठलाच नाही. म्हातारा उपरण्याने त्याच्या तोंडावरचा फेस पुसत राहिला. पुढे तीन वर्षांनी, पोळ्याला, मी पातूर गाठले. त्याच्या दावणीला एकच बैल होता. दुसऱ्या खुंट्यापाशी मातीचा बैल ठेवून तो ओवाळत होता. मी पागोटे काढून त्याच्या पायांशी ठेवले. "बाबा, त्या गाड्या मेव्हण्याच्या नव्हत्या, माझ्या होत्या. मला माफ करा."