शेवटच्या प्रकरणाआधीची चिठ्ठी

इंदूताई गेल्या. मनमाडहून त्यांच्या मुलीचं, सुजाताचं, पोस्टकार्ड आलं. जेमतेम चार ओळी. नाशिकरोडच्या आमच्या वाचनालयात ते मीच सेक्रेटरींच्या टेबलावर ठेवलं. चष्मा कपाळावर सरकवून ते म्हणाले, "दुखवट्याचा ठराव लिहून टाका. बालविभागाचा आधारवड होत्या, वगैरे." वगैरे! ज्या बाईंना याच खोलीतून घालवलं, त्यांचं 'वगैरे' मी लिहिलं. तेही सुवाच्य अक्षरात. दोन मिनिटं सगळे उभे राहिलो, मग चहा प्यालो...

सत्तरच्या दशकात त्या बालविभाग बघायच्या आणि मी देवघेवीच्या काउंटरवर हंगामी कारकून होतो. दहा-बारा वर्षांच्या पोरांसाठी रहस्यकथा निवडायच्या त्यात काय मोठंसं, असं मला वाटे. कव्हरवर कवटी असली की झालं! इंदूताईंचं तसं नव्हतं. विक्रेत्याकडून पसंतीसाठी गठ्ठा आला की त्या प्रत्येक पुस्तक घरी नेऊन वाचत. शेवटच्या प्रकरणाआधी थांबत, चोर कोण आणि कशावरून हे एका चिठ्ठीवर लिहीत, ती मागच्या कव्हराच्या खिशात घालत, आणि मगच शेवट वाचत. "हे परत पाठवा, दिनकरभाऊ," एकदा त्या चिडून म्हणाल्या. "शेवटच्या पानावर कुठला तरी मामा उपटतो आणि तोच म्हणे चोर. ही लबाडी झाली. पोरानं डोकं चालवलं तर त्याला उत्तर सापडलं पाहिजे." दुसरा राग याहून मोठा होता. "चोर नेहमी गडीच का हो? नाहीतर वस्तीतला कुणीतरी. माझ्या पोरांनी हे वाचून काय शिकायचं?" यावर मी हसायचो. गाढव होतो.

'माझी पोरं' म्हणजे त्यांच्या रेल्वे कॉलनीतली. बुद्धविहारात जाऊन, आयांना समजावून, स्वतःच्या जबाबदारीवर त्यांनी ती सभासद करून घेतली होती. एकलहऱ्याच्या वीजकेंद्रातल्या कामगारांची दोन-चार होती. सगळी फरशीवर कोंडाळं करून तावातावानं भांडत. "ताई, माळी नाय, डॉक्टरच हाय! पाऊस नव्हता, मग त्याचा बूट वला कसा?" इंदूताईंचा चेहरा असा फुलायचा की विचारू नका. समितीतल्या काहींना मात्र ती पोरं खुपायची. 'वाचनालय आहे की बाजार' वगैरे कुजबुज चालायची.

मग एक दिवस नव्या रहस्यकथांपैकी अकरा पुस्तकं कपाटातून नाहीशी झाली. चौकशी कसली नि काय! "ताईंनी आणलेली पोरं, दुसरं कोण?" सेक्रेटरी म्हणाले आणि समितीनं माना डोलावल्या. चोर सोडून संन्याशाला फाशी. त्याच आठवड्यात एका सहीसाठी मी सेक्रेटरींच्या घरी गेलो होतो. त्यांचा पुतण्या दिवाणावर लोळत वाचत होता, आणि उशाशी आमचा शिक्का असलेली थप्पी. मी पाहिलं. मी पाहिलेलं सेक्रेटरींनीही पाहिलं. सही करता करता ते म्हणाले, "तुम्हाला कायम करायचा विषय या मीटिंगला घेऊ." घरी बायको होती, वर्षाची पोर होती... असली कारणं सगळ्यांकडेच असतात. मीटिंगमध्ये मी मिठाची गुळणी धरून बसलो. पोरांची नावं कमी करा, असं इंदूताईंना सांगण्यात आलं. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "मी नाही करणार," आणि पिशवी उचलून निघून गेल्या. त्या कायमच्याच. नावं कमी केली ती मी, लाल शाईनं. पुढे महिन्याभरात ती अकराही पुस्तकं कपाटात गुपचूप परत आली. तरी कुणी तोंड उघडलं नाही. मीही नाही.

नवऱ्याची रेल्वेतली बदली झाली तशा इंदूताई मनमाडला गेल्या. त्यांना एक पत्र टाकायचं मनात होतं. मनातच राहिलं.

परवा सुजाता आली आणि काउंटरवर एक पुस्तक ठेवून म्हणाली, "काका, निवडीसाठी नेलेलं आईकडे राहून गेलं होतं. वाचनालयाचं आहे, आठवणीनं परत कर, म्हणून सांगून गेली." जिच्या पोरांना आम्ही चोर ठरवलं, तिनं मरताना एक पुस्तक परत पाठवलं. सुजाता गेल्यावर मी सवयीनं मागचा खिसा चाचपला. चिठ्ठी होती, त्याच तिरक्या अक्षरात. पण या पुस्तकातल्या चोराबद्दल नव्हती.

"पुस्तकं सेक्रेटरींच्या घरी. कारण : कुलूप शाबूत, दुसरी किल्ली त्यांच्याकडेच. दिनकरभाऊ सहीसाठी तिकडे जाऊन आल्यापासून माझी नजर चुकवतात, म्हणजे त्यांनी पाहिलंय. माणूस भला आहे. मीटिंगमध्ये सांगतील."

सेक्रेटरी अजून तेच आहेत, मी लिहिलेलं हे वाचतील. वाचू देत. पुस्तक मी अजून जमा करून घेतलेलं नाही, समोरच आहे. इंदूताईंची चिठ्ठी चुकलेली मी कधी पाहिली नव्हती. हिच्यातही चोर बरोबर आहे, कारणं बरोबर आहेत... फक्त शेवटची दोन वाक्यं चुकली.