राखेत पुरलेलं ब्रॅकेट

आमचे हे वेल्डिंग करतात. चिखलीजवळच्या उंद्रीत रस्त्याला लागून दुकान, दुकानामागे घर. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण यांचा एकही शर्ट मी धड पाहिला नाही. वेल्डिंगचे रॉड दमट असले की काम कच्चं होतं, म्हणून ते रॉड माझ्या भाकरीच्या तव्यावर शेकायचे. शेवटी मी त्यांना वेगळा तवा आणून दिला आणि म्हटलं, आता याच्यावर रॉड भाजा आणि तेच खा.

मध्यंतरी यांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पुण्याला असलेल्या आमच्या मुलानं फोनवर लकडा लावला, की बाबा, आता दुकान पुरे. मीही मुलाच्याच बाजूची. घरी बसल्या बसल्या यांनी प्रत्येक कडीकोयंड्यात खोड काढली, तरी मला ते घरीच हवे होते. त्या डोळ्यात दिवसातून चार वेळा थेंब मी टाकले होते.

डॉक्टरांनी कामाला परवानगी दिली त्या दिवशी यांनी जाहीर केलं, "एक काम करून पाह्यतो. जमलं तर दुकान चालू. नाही जमलं तर मशीन इकून टाकतो, मंग तुमी मायलेक म्हनसान तसं."

काम आलं साखरखेर्ड्याहून. एक जण स्वतःच्या जुन्या ट्रकचं ब्रॅकेट घेऊन आला. ट्रकचा भार ज्या पाट्यांवर असतो, ते पाटे या ब्रॅकेटला पिननं अडकवलेले असतात. पिन घासून घासून ब्रॅकेटचं गोल भोक लांबट झालं होतं. मॉडेल जुनं, नवा भाग कुठे मिळेना. "मिस्त्री, तुमच्याच हातचं पायजे," असं तो म्हणाला आणि आमच्या यांची छाती दोन इंच फुगली.

"हे ठिसूळ बीडाचं लोखंड नाही, ओतीव पोलाद हाये," हे यांनी त्याला सांगितलं, मला सांगितलं, आणि चहा घेऊन आलेल्या हॉटेलवाल्यालाही सांगितलं. मग गोवऱ्यांच्या आगीवर ब्रॅकेट तापवलं. पाण्याचा थेंब टाकून पाहिला, तो तव्यावर नाचतो तसा नाचला. मग भोकाच्या आत थरावर थर भरायला घेतले. थोडं भरायचं, हातोडीनं ठोकायचं, वरची खपली झाडायची, परत भरायचं. दुपारपर्यंत भोक भरलं. आता चिखलीला लेथवर नेलं की आतून मापात गोल होऊन मिळणार होतं. पण त्याआधी ते अगदी सावकाश निवावं लागतं, एकदम गार झालं तर तडकतं. म्हणून ते कोरड्या राखेत पुरायचं आणि दुसऱ्या दिवशीच काढायचं.

त्यासाठी दुकानात राखेचा ड्रम आहे. त्याचं बूड तीन वर्षांपासून फुटलेलं. जगाची भोकं भरणाऱ्या माणसाला स्वतःच्या ड्रमचं भोक भरायला वेळ नव्हता. त्यामुळे यांनी ते ब्रॅकेट सरळ माझ्या चुलीच्या राखेच्या ढिगात पुरलं आणि हातपाय धुऊन झोपले. मला सांगायचं विसरले.

चार वाजता मी गल्लीत बारशाला निघाले. आमच्याकडे बाई घराबाहेर पडताना राखेवर पाणी टाकूनच निघते. राखेत निखारा राहिला आणि वारा सुटला, तर शेजारचं तुरीचं कुटार, म्हणजे वाळका भुसा, पेटायला वेळ लागत नाही. त्या दिवशी ढिगातून चांगलीच धग येत होती. मी तांब्याऐवजी बादली ओतली. केवढा तरी चर्र आवाज झाला. बरं झालं बाई पाहिलं, असं म्हणून मी बारशाला गेले आणि दोन वेळा घुगऱ्या खाल्ल्या. संध्याकाळी चुलीची नवी राख त्याच ढिगावर टाकली.

सकाळी उठून पाहते तर हे दुकानात स्टुलावर बसलेले, मांडीवर ब्रॅकेट. नव्या भरावातून केसाएवढी भेग गेलेली. एक डोळा मिटून पाहत होते, मग दुसरा मिटून.

"हात गेला माह्या," ते म्हणाले. "पोराले सांग, मशीनचं गिऱ्हाईक पाह्य."

मला हवं होतं ते असं आयतं हातात आलं. मी भांडी घासायला राख आणायला गेले. हात घातला तर राखेची ढेकळं. शेजारी यांनी पहाटे अंधारात ब्रॅकेट उपसल्याचा खड्डा. कालचा चर्र आवाज मला परत ऐकू आला.

गप्प बसले असते तर कोणाला कळणार होतं? दुकान बंद झालं असतं, डोळा जपला गेला असता, मुलगा खूश झाला असता. मी तेवढा हिशोब केलाही, खोटं कशाला बोलू. पण स्टुलावरचा तो माणूस आपलेच हात उलटे-सुलटे करून बघत होता, आणि ते माझ्याच्यानं बघवेना.

"म्या पानी टाकलं काल राखेत," मी म्हटलं. "बादलीभर."

बोलणी खायची तयारी ठेवूनच उभी होते. ते उठून जवळ आले.

"आवाज झाला होता?"

"हाव. लय मोठा."

"म्हन्जे हात नाही गेला माह्या," ते म्हणाले, आणि त्यांचे दोन्ही डोळे भरून आले, ऑपरेशनचा आणि बिनऑपरेशनचा. मग लगेच मुलाला फोन. "तुह्या मायनं पानी टाकलं बे राखेत," हे त्याला इतक्या आनंदानं सांगितलं, की तो झाला तेव्हाही यांचा आवाज असा नव्हता.

त्याच दिवशी भेग घासून काढली, ब्रॅकेट पुन्हा तापवलं, पुन्हा भरलं. आधी मात्र ड्रमला बूड लावलं. ब्रॅकेट राखेत पुरून शेजारी खुर्ची ठेवली आणि मला म्हणाले, "बस इथं. आता तूच सांभाळ." अंधार पडेपर्यंत मी ड्रमची राखण करत बसले.

सकाळी सांडशी माझ्याच हातात दिली. "तूच काढ वं," म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मी ब्रॅकेट उपसलं, पदरानं पुसलं, उजेडात धरलं, आतून बोट फिरवलं.

"भेग नाही," मी म्हटलं.

"नीट पाह्य."

मी परत नीट पाहिलं. भेग निघू नये असं आता मलाच वाटत होतं; ती नव्हतीच, म्हणून मी ब्रॅकेट त्यांच्या हातात ठेवलं.