खारेकाकांचा देवचाफा

"पानी कोनी घातला? कोनी घातला पानी?"

खारेकाका आमच्या इमारतीच्या गच्चीवर उभं राहून असे ओरडत होते, की खाडीपलीकडच्या वसईकरांनीही घाबरून आपापल्या कुंड्या तपासल्या, हे मी आजही शपथेवर सांगतो. पाणी मी घातलं होतं. ऐन थंडीत त्यांच्या चाफ्याची पानं गळून नुसती काठी उरली होती. मला दया आली. काकांनी कुंडीतली चिमूटभर माती जिभेवर ठेवली, डोळे मिटले आणि थेट माझ्याकडे बोट केलं. "टाकीचा पानी हाय. आन् टाकीपाशी तूच होतास. झोपलेल्या झाडाला पानी पाजतोस? तुला झोपेत कोनी चहा पाजला तर?"

खारे हे त्यांचं आडनाव नव्हे, आम्ही ठेवलेलं नाव. मूळचे खाडीकाठच्या गोडदेव गावचे, तीन पिढ्या मिठागरात गेलेल्या. कुणाच्या आमटीत मीठ कमी पडलंय, हे ते जिन्यातून जाताना वासावर सांगत आणि बायका मुकाट्यानं डबा उघडत.

असा हा माणूस फक्त काकूंसमोर मऊ पडायचा. गावातलं घर बिल्डरला द्यायचं ठरलं, तेव्हा काकूंनी एकच अट घातली होती: दारातल्या चाफ्याला हात लावायचा नाही. लग्न होऊन आल्यापासून त्या रोज त्याचं पांढरं फूल माळत. काकांनी मान डोलावली, सही ठोकली आणि चाफ्याचं सांगायचं साफ विसरले. आठवडाभरानं जाऊन बघतात, तर झाड फांद्यांसकट डंपरमधून गेलेलं. चिखलात एक जोडशेंग तेवढी पडली होती, बैलाच्या शिंगांसारखी. काकूंनी चकार शब्द काढला नाही. अंबाड्यात फूल घालणं मात्र बंद केलं.

"भांडली असती तर बरा झाला असता," काका म्हणायचे.

शेंग तडकली की पंखवाल्या बिया उडून जातात, म्हणून काकांनी ती स्वतःच्या पायमोज्यात बांधून वाळवली. मग मातीत एकेक बी खोचली. "नाक खाली, पंख वर!" सात उगवल्या. दोन कबुतरांनी उपटल्या, तीन गोगलगायींनी खाल्ल्या, आणि एक... जाऊ द्या, तिलाही पाणी मीच घातलं होतं. उरली ही एक.

नर्सरीवाल्यानं सावध केलं होतं, "चाचा, डाली लगाते तो वही फूल आता. बीज का भरोसा नहीं, रंग कुछ भी आएगा."

काका हसले. "खाडी के पानी से नमकच निकलता है भाई, शक्कर नहीं."

रोज संध्याकाळी ते काकूंना वर्दी देत, "आज नवा पान फुटला." काकू तांदूळ निवडत म्हणत, "बरं."

चौथ्या वर्षी लेकीनं दोघांना नाशिकला नेलं. तिच्या घरात ऊन येत नव्हतं, म्हणून कुंडी माझ्या गळ्यात पडली. निघताना काकांनी पोराला निरोप द्यावा तसं त्या खोडाला थोपटलं आणि मला दम दिला, "थंडीत पानी घातलास, तर नाशिकवरून येऊन तुला मिठात पुरीन."

त्या थंडीत मी कुंडीकडे पाहताना घोटही गिळला नाही. रोज माती मात्र चाखली. बायकोनं डॉक्टरांचं नाव काढलं, तरी चाखली.

मे महिन्यात कळी उमलली. गडद गुलाबी. मी व्हिडिओ कॉल लावला आणि फोन फुलापुढे धरला. काका फोन नाकाशी नेऊन बघत राहिले. शेवटी पुटपुटले, "गावात शेजारच्या देवळात लाल चाफा होता. त्याचा काम हाय हा." मग आयुष्यात पहिल्यांदाच हळू आवाजात त्यांनी हाक मारली, "अगं, ये जरा. तुझा चाफा फुलला. पन पांढरा न्हाय गं. चुकलाच माझा."

काकूंनी चष्मा लावून फूल नीट पाहिलं.

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "पन्नास वरसां पांढराच घालीत होते. पाठवून दे म्हनावं."